कॅटलॉग समोर ठेवला तरी 'लपवलं' कसं?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

"चुकीचा कोड दाखवून कस्टम ड्युटी बुडवली" अशी बातमी तुमच्याकडे आणि सगळ्याच पेपरांत अधूनमधून येते, आकडा मोठा असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं झाला अजून एक चोर उघडा. चोर असतात, नाही असं नाही. कागदावर एक आणि खोक्यात भलतंच आणणारे बंदरावर पकडले जातात ते चांगलंच आहे, त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण या बातम्यांमध्ये दुसरीही एक जात मिसळलेली असते, जिथे माल तोच, नाव तेच, किंमत तीच, कॅटलॉगसकट सगळं सरकारला दिलेलं, आणि भांडण फक्त एवढंच की त्या वस्तूला टॅरिफमधला, म्हणजे ड्युटीच्या यादीतला, हा आकडा लावायचा का तो. या दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, चुकवेगिरी. म्हणून हे पत्र, जरा लांब होईल, काटछाट केलीत तरी चालेल.

मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवतो. छोटा गाळा आहे, ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळलं की अशा गाळ्यांची रांगच आहे, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, आणि तिकडे ठाण्यात वागळे इस्टेटला. पंपाचं पॅनल, लिफ्टचं पॅनल, ओव्हनचं, पॅकिंग मशीनचं, असलं सगळं काम. कॉन्टॅक्टर, एमसीबी, वायर, बसबार इथलंच मिळतं. पण सॉलिड स्टेट रिले, काही लिमिट स्विच, प्रॉक्झिमिटी, पुश बटणाचे काही प्रकार हे तैवान, चीन, जर्मनीवरून येतात, कारण गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये तोच पार्ट नंबर बसलेला असतो आणि त्याला तोच हवा असतो.

आता हा कोड काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगतो. जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर दिलेला आहे, एचएस कोड म्हणतात, १९८८ पासून ही पद्धत चालू आहे, ब्रुसेल्सची वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशन ती सांभाळते. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे दोन आपण आपले जोडले, म्हणून आपल्याकडे आठ आकडी कोड. विजेच्या वस्तूंचं चॅप्टर ८५. त्यात सर्किट चालू-बंद करणारी किंवा वाचवणारी उपकरणं, म्हणजे स्विच, रिले, फ्यूज, ब्रेकर, प्लग, सॉकेट, १००० व्होल्टच्या वर असतील तर ८५३५, १००० पर्यंत असतील तर ८५३६. अशी दोन किंवा जास्त उपकरणं एका बोर्डवर नाहीतर कपाटात बसवून कंट्रोल किंवा वाटपासाठी पॅनल केलं की ८५३७. आणि या तिन्हींचे सुटे भाग ८५३८. ऐकायला एकदम सोपं वाटतं. १००० व्होल्टची रेघ तर खरंच सोपी आहे, त्यावर कधी कोणाचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही. भांडण सुरू होतं ते ८५३६ च्या आत शिरल्यावर आणि त्याच्या शेजारच्या घरांशी.

एक साधा रिले घ्या, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतला, आत तांब्याची कॉइल दिसते, खाली आठ पाय. कॉइल २४ व्होल्ट डीसी आणि डबीवरच छापलंय कॉन्टॅक्ट २५० व्होल्ट एसी. टॅरिफमध्ये रिलेचे दोन कप्पे आहेत, ६० व्होल्टपेक्षा जास्त नाही तो ८५३६ ४१, आणि बाकीचे ८५३६ ४९. आता सांगा, व्होल्टेज कॉइलचं धरायचं का कॉन्टॅक्टचं? टॅरिफच्या ओळीत कॉइलचं नाव नाही आणि कॉन्टॅक्टचंही नाही. मला विचाराल तर कॉन्टॅक्टचं धरावं, कारण मुळात ८५३६ हे हेडिंगच सर्किट चालू-बंद करणाऱ्या उपकरणाचं आहे, मग जे सर्किट तो रिले तोडतो-जोडतो त्याचंच व्होल्टेज बघायला हवं, कॉइल तर त्याला फक्त हलवायला आहे. पण कॉइलवरून कोड टाकणारे सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारे एजंट, पण मी बघितलेत, सप्लायरच्या इनव्हॉइसवर ४१ छापून येतं आणि ते तसंच पुढे सरकतं. ड्युटीचा दर दोन्हीकडे सारखा असला तरी क्वेरी पडायची ती पडतेच, आणि माल जर एखाद्या एफटीएखाली, म्हणजे मुक्त व्यापार कराराखाली, आणला असेल, सवलतीच्या दरात, तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवरचे (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) सहा आकडे आणि बिल ऑफ एंट्रीवरचे (आयातीचा कस्टम्सला द्यायचा कागद) सहा आकडे वेगळे दिसले की तिथून नवीनच रामायण, कारण २०२० च्या सप्टेंबरपासून कॅरोटार नियम आलेत आणि माल खरंच त्या देशात बनला याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची असते.

सॉलिड स्टेट रिले तर याहून अवघड. तळहातावर मावेल एवढा काळा ठोकळा, खाली अ‍ॅल्युमिनियमची पाटी, वर चार स्क्रू. दोन स्क्रूंना ४ ते ३२ व्होल्ट डीसी द्यायचं, दुसऱ्या दोन स्क्रूंवरून ४० अँपिअरचा हीटर चालतो. आत हलणारं काहीच नाही, क्लिक असा आवाजही येत नाही. एक छोटा एलईडी आत प्रकाश पाडतो, समोरचा भाग तो ओळखतो आणि थायरिस्टर चालू होतो, बस. आता हा रिले आहे का? नावात रिले आहे. स्विच आहे का? काम तर स्विचचंच करतो. का थायरिस्टर आहे, म्हणजे सेमीकंडक्टर, ८५४१? सप्लायर बिनधास्त ८५४१ लिहून पाठवतो, कारण त्याला तिथे काही फरक पडत नाही. माझ्या मते ८५४१ नाहीच, कारण आत नुसता थायरिस्टर नाही, ऑप्टोकपलर आहे, स्नबर आहे, इनपुटचं सर्किट आहे, सगळं मिळून एक उपकरण झालंय. मग राहिलं ८५३६, आणि त्यात ४९ म्हणजे रिले का ५० म्हणजे इतर स्विच?

इथे पैशाची गोष्ट येते. १९९६ साली डब्ल्यूटीओमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा करार झाला, आयटीए म्हणतात, भारत त्यात १९९७ ला आला, आणि त्यातल्या वस्तूंवर शून्य ड्युटीचं वचन आहे. त्या यादीत ८५३६ ५० मधल्या काही वस्तू नावानिशी आहेत, इनपुट आणि आउटपुट प्रकाशाने जोडलेले इलेक्ट्रॉनिक एसी स्विच, म्हणजे इन्सुलेटेड थायरिस्टर एसी स्विच, आणि ११ अँपिअरपर्यंतचे टिकटिक करणारे इलेक्ट्रोमेकॅनिकल स्नॅप-अ‍ॅक्शन स्विच. पहिलं वर्णन वाचा आणि माझा काळा ठोकळा बघा. तंतोतंत तोच आहे की! पण डबीवर 'रिले' छापलंय म्हटल्यावर कस्टम्सचा माणूस रिलेच्या कप्प्याकडे बोट दाखवतो, आणि त्याचंही अगदी चूक म्हणता येत नाही, कारण रिलेला तिथे स्वतःचं वेगळं घर आहे.

प्रॉक्झिमिटी स्विचचं तसंच. पितळेची आटे पाडलेली नळी, पुढे निळी टोपी, लोखंड जवळ आलं की आउटपुट चालू. मी म्हणतो स्विच, कारण चालू आणि बंद याशिवाय त्याला काही येत नाही. पण कॅटलॉगवर 'सेन्सर' शब्द आला की कोणीतरी चॅप्टर ९० चं पान उघडतो, मोजमापाची उपकरणं. तीच नळी जर अ‍ॅनालॉग आउटपुट देत असेल, लोखंड किती मिलिमीटरवर आहे ते सांगत असेल, तर मग मोजमाप म्हणायला जागा आहे, मला पटतं ते. टायमरलाही शेजारी आहे, घड्याळाची मूव्हमेंट किंवा सिंक्रोनस मोटर असलेला टाइम स्विच थेट ९१०७, म्हणजे घड्याळांच्या चॅप्टरमध्ये. पुश बटणाचं डोकं वेगळं आणि मागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक वेगळा आला तर ब्लॉक स्वतःच स्विच आहे पण नुसतं डोकं काय, सुटा भाग ८५३८ ना? आणि दोन्ही एकाच खोक्यात असतील तर? पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, मात्र ८५३७ मध्ये बसतो यावर आता फार वाद होत नाही, देवाची कृपा.

या सगळ्याला नियम नाहीत असं नाही. सहा नियम आहेत, आधी हेडिंगची भाषा आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स, त्यातून नाही सुटलं तर जास्त नेमकं वर्णन, मग वस्तूचा मुख्य गुण, आणि तरीही नाही सुटलं तर आकड्यात जे हेडिंग शेवटी येतं ते. हो, खरंच असा नियम आहे, शेवटी येतं ते! पार्टच्या बाबतीत सेक्शन १६ ची दुसरी नोट सांगते की पार्ट जर स्वतः ८४ किंवा ८५ च्या एखाद्या हेडिंगमध्ये बसत असेल तर त्याने तिथेच बसावं, म्हणून लिफ्टसाठी आणलेला रिले लिफ्टचा पार्ट होत नाही, रिलेच राहतो. हे लक्षात ठेवलं तर निम्मे घोळ कमी होतील, पण गाळेवाल्याला हे सांगणार कोण, त्याला सोल्डरिंगचं टेम्परेचर विचारा.

आणि नियम असूनही सुप्रीम कोर्टापर्यंत काय होतं बघा. वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर या कंपनीच्या रेल्वे सिग्नलच्या रिलेंवर वाद होता, एक्साइजचा होता पण टॅरिफ तेच. कंपनी म्हणे हे ८६०८, रेल्वे सिग्नल यंत्रणेचा भाग, खातं म्हणे नाही, ८५३६. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, हे रिले फक्त रेल्वे सिग्नलसाठीच आहेत म्हणून. झालं, त्यानंतर तोच निकाल उलटा फिरवून गाड्यांचे पार्ट आणणाऱ्यांना नोटिसा जायला लागल्या, की तुमचे रिले आणि स्विच गाडीसाठीच आहेत ना, मग तुम्ही ८५३६ का टाकलं, ८७०८ टाका, तिथे ड्युटी जास्त. शेवटी सीबीआयसीने, म्हणजे कस्टम्सच्या केंद्रीय बोर्डाने, ५ जानेवारी २०२२ ला सूचना काढली की बाबांनो, या एकाच निकालावर सगळं ठरवू नका, सेक्शनच्या नोट्स आणि बाकीचे निकाल पण बघा. म्हणजे जी वस्तू मी टेबलावर ठेवून दहा वर्षांच्या पोराला दाखवली तर तो 'रिले' म्हणेल तिचं घर ठरवायला देशाचं सगळ्यात मोठं कोर्ट लागलं आणि त्यानंतरही परत खुलासा लागला. मग रबाळ्याच्या गाळेवाल्याने कोड टाकताना 'हेतुपुरस्सर' काही केलं असं कुठल्या तोंडाने म्हणता?

आता मूळ दुखण्यावर येतो. २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे. म्हणजे कोड आयातदारानेच टाकायचा, ड्युटी त्यानेच काढायची. बहुतेक बिल ऑफ एंट्री कॉम्प्युटर, म्हणजे रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम, आपोआप पास करते. काही अधिकाऱ्याकडे जातात, आणि ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे, म्हणजे माल न्हावाशेवाला आणि कागद बघणारा अधिकारी चेन्नई, दिल्ली, कुठेही. कल्पना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही, पूर्वी ओळखीवर आणि फेऱ्यांवर कामं चालायची ती कमी झाली हे मान्य करायलाच पाहिजे. पण झालंय काय की एका शहरातला अधिकारी माझा ठोकळा स्विच म्हणून पास करतो आणि पुढच्या खेपेला तोच पार्ट नंबर दुसऱ्या शहरातला अधिकारी अडवून ठेवतो, आधीची बिल ऑफ एंट्री जोडली तरी उत्तर येतं की प्रत्येक असेसमेंट वेगळं असतं. तोवर कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, भाडं चालू, शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचा आकार, चालू, आणि इकडे घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीची लिफ्ट बंद, तिथला सेक्रेटरी मला फोन करून विचारतोय अहो तो रिले आला का. त्या काकांना मी फेसलेस असेसमेंट काय समजावणार.

हे तरी बरं, निदान तेव्हाच्या तेव्हा कळतं. खरा त्रास नंतर. दोन-तीन वर्षांनी ऑडिटचं पत्र येतं. कोड चुकला, फरक भरा. कस्टम्स कायद्याच्या कलम २८ प्रमाणे साधी मागणी दोन वर्षांपर्यंतच करता येते, पण लपवाछपवी, संगनमत किंवा जाणूनबुजून खोटं विधान असेल तर पाच वर्षं मागे जाता येतं. आणि अनुभव असा की पत्रात 'लपवाछपवी' हा शब्द असतोच असतो, कारण तो नसेल तर जुनी वर्षं हातची जातात. आम्ही विचारतो काय लपवलं? वर्णनात 'सॉलिड स्टेट रिले, ४० अँपिअर, ऑप्टो-आयसोलेटेड' असं अख्खं लिहिलंय, पार्ट नंबर आहे, ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सला ऑनलाइन कागद द्यायच्या सोयीवर, कॅटलॉग चढवलाय. उत्तर असं की बिल सिस्टीमने पास केलं होतं, अधिकाऱ्याने बघितलंच नव्हतं, आणि सेल्फ असेसमेंटमध्ये बरोबर कोड टाकणं ही तुमची जबाबदारी. म्हणजे अधिकाऱ्याने बघितलं नाही हा सरकारचा निर्णय, आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर.

आकडेमोड करून दाखवतो म्हणजे लोकांना कळेल. समजा १० लाखाचा माल, एका कोडला बेसिक ड्युटी शून्य आणि दुसऱ्याला १० टक्के. फरक झाला १ लाख, त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के म्हणजे १० हजार, एकूण १ लाख १० हजार. आयजीएसटी बाजूला ठेवा, तो क्रेडिटमध्ये मिळतो. आता हे चार वर्षांनी काढलं तर वर्षाला १५ टक्के व्याज, ६६ हजार. लपवाछपवीचा शिक्का बसला तर कलम ११४ए खाली ड्युटीएवढाच दंड, अजून १ लाख १० हजार. झाले २ लाख ८६ हजार, एका खेपेवर. आणि ज्या पॅनलमध्ये तो माल गेला ते कधीच विकून झालंय, गिऱ्हाइकाकडे जाऊन आता म्हणू का की चार वर्षांपूर्वीच्या पॅनलचे अजून एवढे द्या? मोठी कंपनी असेल तर वकील लावते. फोक्सवॅगनला सप्टेंबर २०२४ मध्ये १.४ अब्ज डॉलरची नोटीस आली, सुटे पार्ट का जवळजवळ अख्खी गाडी या वादावरून, ते थेट मुंबई हायकोर्टात गेले. त्यात बरोबर कोण ते कोर्ट ठरवेल. आम्ही कोर्टात जायचं तर वकिलाची फी ही मागणीपेक्षा जास्त होते, म्हणून बरेच जण गुपचूप भरून मोकळे होतात, आणि मग तेच 'वसूल केलेल्या' रकमेच्या आकड्यात दिसतं.

उलट बाजू बघा. मी चुकून जास्त ड्युटीचा कोड टाकला आणि नंतर कळलं, तर सरकार स्वतःहून पत्र पाठवतं का, तुमचे पैसे जास्त आले, घेऊन जा म्हणून? नाव काढू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी ते असेसमेंट बदलून घ्या, अपील करा किंवा दुसऱ्या कायदेशीर मार्गाने, त्याशिवाय रिफंड नाही. म्हणजे स्वतःच केलेल्या असेसमेंटवर स्वतःच अपील! २०२५ च्या फायनान्स अ‍ॅक्टने कलम १८ए आणलं, माल सुटल्यावरही आयातदाराला स्वतःहून एंट्री सुधारता येते, हे चांगलं पाऊल आहे, उशिरा का होईना. पण त्याने जुन्या पाच वर्षांच्या 'लपवाछपवी'चं दुखणं काही जात नाही.

खात्याची बाजू मला कळत नाही असं नाही. कोणीही उठून कुठलाही कोड टाकेल आणि पकडला गेला की 'माझी समजूत होती' म्हणेल, मग खात्याने काय करायचं? बरोबर आहे. पण त्यासाठीच तर फरक करायचा असतो, की वर्णन खोटं होतं का फक्त आकडा वादाचा होता. हे मी नवीन सांगत नाहीये. १९९८ सालीच नॉर्दर्न प्लास्टिकच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की माल खरा सांगून एखादी सवलत मागितली आणि ती मिळण्यासारखी नसली तरी ते खोटं डिक्लेरेशन होत नाही, तो आयातदाराच्या समजुतीचा प्रश्न आहे. तो निकाल सेल्फ असेसमेंटच्या आधीचा म्हणून आता बाजूला सारतात. पण मला सांगा, सेल्फ असेसमेंट आलं म्हणून खरं सांगितलेली गोष्ट खोटी कशी होते?

कोणी म्हणेल अ‍ॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे माल आणायच्या आधी कोडवर निर्णय, घ्या ना आधीच. आहे, सोय आहे. जानेवारी २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत त्याची अथॉरिटी आहे, १० हजार रुपये फी, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, काही वर्षं चालतो. मोठ्या कंपनीला उत्तम. पण तो निर्णय फक्त ज्याने अर्ज केला त्यालाच लागू. माझ्या शेजारच्या गाळेवाल्याने त्याच ठोकळ्यावर रूलिंग आणलं तर मी ते दाखवू शकतो, वाचून दाखवू शकतो, पण समोरच्यावर ते बंधनकारक नाही. म्हणजे एकाच पार्ट नंबरसाठी टीटीसीतल्या, आमच्या या औद्योगिक पट्ट्यातल्या, प्रत्येकाने १० हजार भरायचे, अर्ज लिहायला कन्सल्टंटचे वेगळे, आणि तीन महिने गिऱ्हाइकाला थांबवायचं. ज्याच्याकडे वर्षाला असे वीस-पंचवीस प्रकारचे पार्ट येतात त्याने काय वीस-पंचवीस अर्ज करायचे?

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याची सवय खात्याला आहे तेच करा, फक्त वेळेत करा. कस्टम्स कायद्यात कलम १५१ए आहे, त्यात बोर्डाला वर्गीकरणात सारखेपणा यावा म्हणून सूचना काढायचा अधिकारच दिलेला आहे. गाड्यांच्या पार्टच्या वेळी सूचना निघालीच ना? तशीच एक ८५३६ च्या नेहमीच्या वस्तूंसाठी काढा. रिलेचं व्होल्टेज कॉइलचं का कॉन्टॅक्टचं, सॉलिड स्टेट रिले कुठे, ऑन-ऑफ प्रॉक्झिमिटी कुठे, बटणाचं डोकं आणि ब्लॉक वेगवेगळे आले तर काय, एकत्र आले तर काय. फोटोसकट काढा, मराठीत नाही तर निदान सोप्या भाषेत काढा. माझ्या मनाविरुद्ध ठरलं, १० टक्केवाल्या कप्प्यात टाकलं, तरी चालेल. किमतीत धरून कोटेशन देऊ, सगळ्यांना सारखंच, त्यात कोणाचं नुकसान नाही. नुकसान होतं ते मागच्या तारखेने.

आणि मागच्या तारखेचाही उपाय कायद्यात आहे, हे माझ्या सीएचएने दाखवलं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटलं. कलम २८ए. एखादी ड्युटी न लावण्याची किंवा कमी लावण्याची सर्वसाधारण प्रथाच पडून गेली असेल तर केंद्र सरकार गॅझेटमध्ये नोटिफिकेशन काढून सांगू शकतं की मागची वसुली नको. शब्द असेच नाहीत पण अर्थ हाच. बंदराबंदरातून वर्षानुवर्षं एक वस्तू एकाच कोडखाली, खरं नाव सांगून, पास होत असेल तर त्याला प्रथा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? नोटिफिकेशन मागायचं काम एकट्यादुकट्याचं नाही, असोसिएशननेच ते करायला हवं, आणि आपल्या भागातल्या उद्योजकांच्या संघटनांनी प्लॉटच्या पाण्याइतकंच आणि खड्ड्यांइतकंच हे पण अजेंड्यावर घ्यावं. खासदारांकडे पण हा विषय जावा, ठाणे आणि रायगड दोन्हीकडच्या, एवढं मोठं बंदर उशाला आहे.

तोपर्यंत ज्यांच्याकडे अशी पत्रं आलीत त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण लोक घाबरून भलतंच लिहून देतात. 'चूक झाली, भरतो' असं एका ओळीत लिहून देऊ नका, भरायचंच असेल तर 'वाद कायम ठेवून भरतो' असं लिहा आणि चलन जपा. जुन्या बिल ऑफ एंट्री, त्याच पार्ट नंबरच्या, कुठल्या का बंदरातल्या असेनात, आणि ई-संचितवर कॅटलॉग कधी चढवला त्याचं प्रूफ, हे सगळं एका फाइलीत काढून ठेवा. यापुढे वर्णनात नुसतं 'इलेक्ट्रिकल पार्ट्स' असं लिहू देऊ नका, सीएचए कितीही म्हणाला चालतंय तरी, व्होल्टेज, अँपिअर, काम काय करतो ते सगळं लिहायला लावा. कोडबद्दल मनात शंका असेल तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, असेसमेंट मागता येतं, बॉण्ड भरावा लागतो पण माल सुटतो. आणि ऑर्डर विरोधात गेली तर कमिशनर अपील्सकडे जायला ती हातात पडल्यापासून ६० दिवस असतात, फार तर वरचे ३० दिवस कारण दाखवून माफ होतात, त्यापुढे कोणी ऐकत नाही, आणि अपिलाला ड्युटीच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. ऑर्डर कुरिअरने गाळ्यावर येते आणि बरेचदा वॉचमन सही करून ड्रॉवरमध्ये टाकतो, त्याला सांगून ठेवा.

आपला,
एक पॅनल बिल्डर,
रबाळे, नवी मुंबई